तुकडा, खोली आणि उपचार
गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किती मोठा उपचार करायचा, हे आज बायोप्सी, म्हणजे ऊतीच्या तुकड्याची तपासणी, ठरवते. इथवरचा प्रवास लांब आहे: व्हिएन्नात 1898 मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ वेर्टहाइम यांनी गर्भाशयासह आजूबाजूच्या ऊतीही काढून टाकणारी शस्त्रक्रिया सुरू केली. 1925 मध्ये हिन्सेलमान यांचा, गर्भाशयमुख मोठे करून दाखवणारा कोल्पोस्कोप आला आणि संशयास्पद जागेचाच नेमका तुकडा घेणे शक्य झाले.

महाराष्ट्रात हे ज्ञान खेड्यातल्या बाईपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या अभ्यासाला जाते. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा त्यात समावेश केला. गर्भाशयमुखाच्या प्राथमिक चाचणीत दोष आढळला की कोल्पोस्कोपी, गरज पडल्यास बायोप्सी. कर्करोगपूर्व बदल असेल तर तो भाग गोठवायचा किंवा तारेच्या वेढ्याने काढायचा. कर्करोगच निघाला तर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार. एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) चाचणीच्या गटात या रोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.

अगदी सुरुवातीच्या रोगात गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा काढतात. रोगाची खोली 3 मिलिमीटरपर्यंत, कडा स्वच्छ आणि रक्त-लसिकावाहिन्या मोकळ्या असतील, तर मूल हवे असलेल्या स्त्रीला तेवढे पुरते. वाहिन्यांत पेशी दिसल्या किंवा खोली जास्त भरली, तर लसिकाग्रंथीही तपासाव्या लागतात.