औषध नव्हे, विष: फवारणीच्या कायद्याचा विसरलेला इतिहास

अहमदपूरच्या बाजारात कीटकनाशकाला कुणी विष म्हणत नाही. दुकानदार 'औषध' देतो, शेतकरी 'औषध मारायला' माणूस सांगतो. मराठवाड्यातली जुनी माणसं तर कुठल्याही बाटलीला 'एंड्रिन' म्हणतात. एंड्रिनवर १९९० साली बंदी आली, पण नाव जिभेवर राहिलं.

आज वापरातली अनेक जहाल कीटकनाशकं सेंद्रिय फॉस्फरस गटातली आहेत. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ कीटकनाशक शोधत असताना त्याच्या हाती 'टाबून' हा युद्धात वापरता येणारा विषारी वायू लागला. पुढे पॅराथिऑनही त्यानेच बनवलं. किडीच्या आणि माणसाच्या मज्जासंस्थेवर हा गट सारखाच घाव घालतो. कोलिनेस्टरेज हे विकर बंद पडतं. मग घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि शेवटी श्वास अडकणं.

१९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेलं गव्हाचं पीठ खाऊन शंभरहून अधिक माणसं मेली. धान्य आणि विष एकाच जहाजातून आलं होतं. त्या धक्क्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. संरक्षक कपडे, धंदा म्हणून फवारणी करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी, रक्तातल्या कोलिनेस्टरेजची मोजणी, हे सगळं त्या नियमांत आहे.

तरीही २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा थेट तोंडावर. ज्या मोनोक्रोटोफॉसला २००५ पासून भाज्यांवर मनाई होती, ते कपाशीवर चालूच होतं. खापर मात्र मजुराच्या निष्काळजीपणावर फुटलं.

रोजंदारीवर पंप पाठीला लावणाऱ्याचं रक्त कोण तपासतो? त्याची नोंद कुठल्या हजेरीपटावर असते? भूमिहीन मग तो मुसलमान असो, मातंग असो की बंजारा, कायद्याच्या कागदाला तो दिसतच नाही.

घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण आपण अभिमानाने सांगतो. पण घामाने ओल्या कातडीतूनच हे विष अंगात लवकर भिनतं. तेव्हा मजुरीच्या आधी मास्क, हातमोजे आणि धुवायला साबण-पाणी द्या. तेही त्याच्या हक्काचंच आहे.