‘डिअर मिसेस रूझवेल्ट’
१७. मूळ मजकुरात ‘वुडीचे सांत्वनगीत’ एवढाच उल्लेख आहे; तो अमेरिकी लोकगायक वुडी गथ्रीच्या ‘डिअर मिसेस रूझवेल्ट’ या गाण्याचा. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे वारले. त्यांच्यावर अनेक लोकगायकांनी गाणी रचली. गथ्रीने मात्र त्यांच्या पत्नी एलिनॉर यांना उद्देशून, दुखवट्याचे पत्र लिहावे तसे हे गाणे लिहिले. म्हणून त्यात पोवाड्याच्या आवेशापेक्षा दारी येऊन दोन शब्द बोलणाऱ्या शेजाऱ्याचा ओलावा अधिक आहे. या जिव्हाळ्यामागे अनुभव होता. रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत कोलंबिया नदीवर धरणे उभी राहत होती. त्या धरणांच्या प्रचारासाठी १९४१ मध्ये सरकारी वीजखात्याने गथ्रीला महिनाभर कामावर घेतले आणि तेवढ्यात त्याने २६ गाणी रचली. गथ्री १९६७ मध्ये गेला. २० जानेवारी १९६८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात बॉब डिलनने हेच गाणे गायिले. नेत्यासाठी रचलेली श्रद्धांजली अशी रचणाऱ्यालाही वाहिली गेली. लोकसंगीतात गाणे या गळ्यातून त्या गळ्यात जाते, म्हणूनच ते जिवंत राहते.
— संपादक