वाँटेजच्या मठातील वाद

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच खरा वाद सुरू झाला. अँग्लिकन मठातील सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. चर्चची शिकवण शंका न घेता स्वीकारावी, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंना त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, सिद्धांत पटत नव्हता आणि बिशपांचा शब्द अंतिम मानण्यासही त्या तयार नव्हत्या. पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसेच दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. वाद क्रूसावरील अक्षरांपर्यंत पोहोचला: लॅटिनऐवजी संस्कृत का नको, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या शाकाहारातही सिस्टरांना जातीचा अभिमान दिसे. हा आरोप मात्र उथळ होता. पुढे इंग्लंडमधीलच चेल्टनहॅममध्ये रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास भारतातील बिशपांनी हरकत घेतली, तीही त्यांना मान्य नव्हती. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. ख्रिस्तावरची श्रद्धा त्यांनी सोडली नाही, फक्त कोणत्याही एका पंथाची चौकट स्वीकारली नाही. सिस्टर जेराल्डिन यांनीच जपलेला या वादातील पत्रव्यवहार 1977 मध्ये मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.