द्राक्षहंगामाची उमेदवारी : पुण्यातील वाइन-शिक्षणाचा इतिहास

वाइनरीतील हंगामी उमेदवारी म्हणजे द्राक्षांची तोडणी सुरू झाल्यापासून शेवटच्या टाकीतील रस आंबून शांत होईपर्यंत कारखान्यात काढलेले दोन-तीन महिने. महाराष्ट्रात हा काळ जानेवारी ते मार्च असा येतो, तर युरोपात तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. दख्खनचे हे वेगळे वेळापत्रक बागायतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या छाटणीतून ठरले, आणि पुण्यातील उमेदवाराच्या तयारीचा इतिहासही त्या छाटणीपासूनच सुरू होतो.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून विसावा घेते. दख्खनच्या हवेत तिला असा विसावा मिळत नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि पुढच्या महिन्यांत फळधारणेच्या काड्या तयार होतात. ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी होते आणि तिच्यावर हंगाम येतो. पावसाळ्यात धरलेले फळ आंबट राहते व रोगाला बळी पडते, त्यामुळे दोन छाटण्यांवर एकच पीक घ्यायचा रिवाज पडला. एकोणिसाव्या शतकात पुणे-नाशिककडे वेल पांगाऱ्याच्या खुंटावर चढवत. भोकरी, फकडी, काळी साहेबी ही तेव्हाची परिचित नावे. पुढे गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चिमा यांनी पंढरी साहेबीच्या रोपांतून निवड करून ‘चिमा साहेबी’ हा वाण पुढे आणला. हे सारे काम खाण्याच्या द्राक्षांचे होते. मणी मोठा, साल पातळ, घड देखणा, ही त्याची कसोटी होती.

वाइनसाठी नेमके उलटे हवे असते. मणी लहान आणि साल जाड असावी लागते, कारण रंग आणि स्वाद यांचा मोठा वाटा सालीतच असतो. असे द्राक्ष लावण्याचे कारणच महाराष्ट्रात बराच काळ नव्हते. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर मद्यनिर्मिती परवान्याच्या चौकटीत अडकली. वेलीचे ज्ञान बागेत राहिले आणि आंबवण्याचे ज्ञान साखर कारखान्यांना जोडलेल्या आसवनी प्रकल्पांत राहिले. ही दोन ज्ञाने एकाच माणसाच्या हाती यावीत अशी गरज कोणाला भासली नाही.

आंबवण्याच्या बाजूची पुण्यातील मोठी संस्था मांजरीत उभी राहिली. १९७५मध्ये सहकारी साखर कारखान्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट पुढे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या अल्कोहोल विभागाचा मूळ विषय होता मळी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह १९५०च्या दशकाच्या आरंभापासून होता आणि त्यात यीस्टचे वाणही जपलेले होते. म्हणजे आंबवण्याचे शास्त्र पुण्याला नवे नव्हते. मात्र मळी आंबवून पुढे तिचे आसवन होते, त्यामुळे आंबवणीतील बरेच दोष तिथे निघून जातात. वाइनमध्ये ही सोय नाही. टाकीत जे बिघडते ते बाटलीत उतरते. मळीवर तयार झालेल्या तंत्रज्ञाला वाइनरीत नव्याने शिकावे लागते ते याच कारणाने.

पुणे जिल्ह्यात वाइनची पहिली मोठी शाळा म्हणावी तर ती एक कारखानाच होती. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यात, तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध असलेल्या नारायणगावात, इंडाज ही वाइनरी उभारली. तिला फ्रान्समधील शॅम्पेनच्या पायपर-हाइडसिक या घराण्याचे तांत्रिक साहाय्य मिळाले, आणि ‘ओमर खय्याम’ ही तिची फेसाळ वाइन परदेशी बाजारातही गेली. फेसाळ वाइनची पद्धत अत्यंत कष्टाची असते. तयार वाइन साखर आणि यीस्टसह बाटलीत भरून तिथेच दुसऱ्यांदा आंबवायची, बाटल्या तोंड खाली करून तिरक्या ठेवायच्या, गाळ बुचाकडे सरकावा म्हणून त्या थोड्याथोड्या फिरवायच्या आणि शेवटी गाळ नेमका बाहेर काढायचा. पुण्यात त्या काळी हे शिकवणारे महाविद्यालय नव्हते, त्यामुळे हे कौशल्य कारखान्याच्या फरशीवर, दुसऱ्याचे पाहून, चुकत सुधारत आले. पुढे कर्जाच्या ओझ्याखाली ही कंपनी कोसळली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात निघाली. द्राक्षाला वाइनचा भाव मिळू शकतो हे जुन्नरच्या शेतकऱ्याने पहिल्यांदा तिच्यामुळे पाहिले, आणि एका कारखान्यावर सगळी भिस्त ठेवण्यात किती धोका असतो हेही त्याला तिच्यामुळेच कळले.

२००१मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, परवाने सुलभ झाले, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क आखले गेले. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुला वाइनरीचे काम त्याआधीच सुरू झाले होते. पुणे जिल्ह्यात, तुकोबांची पालखी ज्या रोटी घाटातून जाते त्या रोटी गावी, यूबी समूहाने फोर सीझन्स ही वाइनरी बांधली. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतील सेच्ची या घराण्यांनी मिळून फ्रातेल्ली उभी केली आणि पिएरो मासी हे इटालियन वाइनतज्ज्ञ तिथे आले. कारखाने वाढले तशी हंगामात हात लावणाऱ्या जाणत्या माणसांची टंचाई उघड झाली.

शिक्षणाची उभारणी याच काळाच्या आगेमागे झाली, तीही पुन्हा मांजरीच्या परिसरात. १९९७मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र मांजरी फार्म येथे आहे. खुंट, छाटणी, कीड-रोग आणि वाइनच्या जाती यांवर तिथे काम चालते. रसासाठीचा ‘मांजरी मेडिका’ हा रंगीत वाण याच केंद्राचा आहे. शहरात आघारकर संशोधन संस्थेने कटाबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून ‘एआरआय-५१६’ हा रस व वाइनला उपयोगी वाण तयार केला. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रूइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञान या विषयाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम पुणे विद्यापीठाशी संलग्न होऊन सुरू झाला. २००९मध्ये स्थापन झालेल्या भारतीय द्राक्ष प्रक्रिया मंडळाचे कार्यालयही पुण्यात आले, आणि २०११मध्ये भारत वेल व वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य झाला. बागेचे आणि आंबवणीचे शास्त्र एकमेकांच्या शेजारी येऊन बसले. पुण्याने या उद्योगाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

हंगामाची तयारी या दोन्ही शास्त्रांतून करावी लागते. मण्यात पाणी उतरू लागले की दर काही दिवसांनी बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून मणी गोळा करून रस तपासतात. रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण, पाहायचा, पीएच आणि आम्लता मोजायची. शेनिन ब्लाँ, सोविन्यो ब्लाँ या पांढऱ्या जाती थोड्या आधी तोडतात, तर शिराझ आणि काबर्ने सोविन्यो पुरत्या पिकू देतात. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल येते, हा हिशेब उमेदवाराला तोंडपाठ हवा, कारण तोडणीचा दिवस त्यावरच बेततो. महाराष्ट्रात फेब्रुवारी सरताना ऊन तापते, आम्लता झपाट्याने उतरते आणि पीएच चढतो. म्हणून तोडणी पहाटे करतात आणि क्रेट ऊन चढण्याच्या आत वाइनरीत पोचवतात.

आतले काम पुस्तकात वाचून वाटते त्याहून पुष्कळ ओले आणि अंगमेहनतीचे असते. दिवसाचा मोठा भाग धुण्यात जातो. टाकी, पाइप, पंप, प्रेस यांत राहिलेला थोडासा रसही पुढची टाकी नासवू शकतो. यीस्ट ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात भिजवून, हळूहळू रसाच्या तापमानाला आणून मगच टाकीत सोडतात. पांढरी वाइन १५ अंशांच्या आसपास आंबवतात, तांबडी २५ ते ३० अंशांत. तांबड्या वाइनमध्ये साली वर तरंगून जाड थर धरतात. तो दिवसातून दोन-तीनदा दाबावा लागतो किंवा खालचा रस पंपाने वर फिरवावा लागतो. प्रत्येक टाकीचे तापमान आणि घनता रोज लिहून ठेवायची असते, आणि नीट लिहिलेली वही हीच उमेदवाराची खरी परीक्षा. सर्वांत गंभीर धडा कार्बन डायऑक्साइडचा. आंबणाऱ्या टाकीतला हा वायू दिसत नाही, तो तळाशी साचतो आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. हवा खेळवल्याशिवाय, तपासणी केल्याशिवाय आणि बाहेर सोबती उभा असल्याशिवाय टाकीत उतरायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी पक्का व्हायला हवा.

पुण्याच्या वाइन-शिक्षणात एक जुनी अडचण अजून उरली आहे. बहुतेक अभ्यासक्रमांत प्रशिक्षणाची सोय मे-जूनच्या सुट्टीत असते, आणि तेव्हा वाइनरीत द्राक्षाचा मणीही नसतो. बागेत खरड छाटणी उरकून नवी फूट आलेली असते. ज्या वर्गाला शेवटच्या सत्राचा प्रकल्प जानेवारीत सुरू करता येतो त्यालाच पूर्ण हंगाम मिळतो. इच्छुक विद्यार्थ्याने फळछाटणीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरमध्येच, वाइनरीशी बोलणी करावीत. मार्चमध्ये इथले काम संपवून ऑगस्टमध्ये उत्तर गोलार्धातील दुसरा हंगाम गाठता येतो, आणि एका वर्षात दोन हंगाम पाहिलेला हात कारखान्याला हवा असतो. विद्यापीठ आणि संस्थांनी जानेवारी ते मार्च हे तीन महिने वाइनच्या विद्यार्थ्यांसाठी वर्गातून मोकळे ठेवावेत.