पेट्रोलमधले औषध

गेल्या श्रावणात मी गावी गेलो, तेव्हा धाकटा भाऊ ओट्यावर फवारणीचा पंप पुढ्यात घेऊन बसला होता. पाठीवर घ्यायचा, लहानशा पेट्रोल इंजिनाचा पंप. दोरी ओढून ओढून त्याचा खांदा भरून आला, पण इंजिन काही दाद देईना. शेजारी दुकानातून आणलेली एक बाटली होती. "दादा, हे दोन झाकणं टाकीत टाकलं की कार्ब्युरेटर आपोआप साफ होतो म्हणे," तो म्हणाला. दोन झाकणे कसली, निम्मी बाटली रिकामी झाली होती. पंप होता तसाच. आणि तिकडे सोयाबीनवर अळी पडलेली.

मी इतिहासाचा अध्यापक. इंजिनातले मला काही कळत नाही असे घरची मंडळी म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण त्या बाटलीलाही इतिहास आहे. तोच आज तुम्हाला सांगणार आहे, कारण तो नुसता यंत्राचा नाही, माणसांचाही आहे.

आधी कार्ब्युरेटर म्हणजे काय ते पाहू. पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण करून इंजिनाला पुरवणारे हे भांडे. हवा त्याच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो, आणि एका बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाऊन त्याचा फवारा उडतो. अत्तराची फवारदाणी आठवा, तत्त्व तेच. या छिद्राला जेट म्हणतात. बुडापेस्टचे बांकी आणि चोंका यांनी १८९३ साली अशा फवाऱ्याच्या कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले. त्याच सुमारास जर्मनीत मायबाखनेही तसाच कार्ब्युरेटर बनवला. तेव्हापासून या यंत्राचे सारे सुखदुःख त्या बारीक छिद्रावर अवलंबून आहे. पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिले, की हवेतल्या प्राणवायूने त्याची चिकट राळ होते, आणि ती नेमकी त्या छिद्रात जाऊन बसते.

पेट्रोलमध्ये औषध घालण्याच्या कल्पनेला मात्र जोर आला तो वेगळ्याच दुखण्यापायी. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी केटरिंग नावाच्या कल्पक माणसाने शेतावरच्या घरांसाठी वीज करणारे छोटे इंजिन बाजारात आणले होते. ते रॉकेलवर चालवले की आतून ठोके पडल्यासारखा आवाज येई. हे ठोके का पडतात ते शोधण्याचे काम १९१६ साली टॉमस मिजली या तरुणाकडे आले. बर्फातही लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने तांबूस असतात. तांबडा रंग उष्णता शोषतो, तेव्हा रॉकेलही तांबडे केले तर, अशी कल्पना निघाली. तांबडा रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलीने आयोडीन घातले. ठोके थांबले! पुढे दुसरे तांबडे रंग घालून पाहिले, तर काहीच फरक नाही. म्हणजे गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. तर्क चुकीचा, पण औषध सापडले. विज्ञानात असे पुष्कळदा घडते.

आयोडीन महाग आणि धातू खाणारे. मग एकामागून एक द्रव्ये तपासता तपासता ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग हाती लागले, टेट्राएथिल लेड. गॅलनमागे चमचाभरही लागत नसे. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल प्रथम विकले गेले. पण जळल्यावर शिशाची पुटे प्लगवर आणि झडपांवर बसू लागली. त्यावर उपाय म्हणून ब्रोमीनचे एक संयुग घालण्यात आले, म्हणजे शिसे धुराबरोबर बाहेर पडावे. पहिल्या औषधाची बाधा घालवायला दुसरे औषध! इंजिन स्वच्छ राहिले. शिसे रस्त्यावर आले.

ते विषारी आहे हे कोणाला ठाऊक नव्हते, असे मात्र समजू नका. मिजलीला स्वतःलाच शिशाची बाधा होऊन विश्रांतीसाठी जावे लागले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. त्याच महिनाअखेर मिजलीने वार्ताहरांसमोर त्या द्रव्याने हात धुऊन आणि त्याचा वास घेऊन ते निर्धोक असल्याचे दाखवले. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. तिथे डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या विदुषीने कडक विरोध केला. पण पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या समितीने बंदी घालण्याइतका पुरावा नाही असे ठरवले, आणि शिसे जगभर पसरले.

चाळीस वर्षे गेली. १९६५ साली क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की माणसांच्या शरीरातले शिसे हे नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट आहे. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, ती मुले बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत होती. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जेरिया. तिथे ते २०२१ साली थांबले. शेतावरच्या एका छोट्या इंजिनाच्या ठोक्यांपासून निघालेली ही गोष्ट संपायला शंभर वर्षे लागली.

आता भावाच्या बाटलीकडे वळू. तीही अगदीच फसवी नव्हे, बरे का. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत कार्ब्युरेटर स्वच्छ ठेवणारी द्रव्ये पेट्रोलमध्ये घालू लागले. ती साबणासारखी काम करतात. कणाचे एक टोक मळाला धरते, दुसरे पेट्रोलमध्ये विरते, आणि मळ वाहून जातो. १९९५ पासून तिथे सगळ्या पेट्रोलमध्ये अशी द्रव्ये घालणे सक्तीचे झाले. पण हे रोजच्या दंतमंजनासारखे आहे. मळ साचू नये म्हणून त्याचा उपयोग. छिद्र पार बुजले, की त्यातून पेट्रोलच जात नाही. मग पेट्रोलमध्ये घातलेले औषध तिथवर पोहोचणार कसे?

शिवाय पेट्रोलही बदलले आहे. उसाच्या मळीपासून होणारा मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी आपल्याकडे १९४८ सालीच कायदा झाला होता. २००१ मध्ये आमच्या मिरजेला आणि मनमाडला त्याचे प्रयोग झाले. जून २०२२ मध्ये देशात हे प्रमाण शेकडा १० झाले, २०२५ मध्ये २० वर पोहोचले. शिशाशिवाय ठोके थांबवणारे हे द्रव्य, हा त्याचा मोठा गुण. पण ते पाणी शोषते. पाणी फार झाले, की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी बसतात. इंजिनाची नळी पेट्रोल ओढते तीही तळातूनच. रोज चालणाऱ्या गाडीला याचा त्रास सहसा होत नाही. वर्षातून दोन महिने चालणाऱ्या पंपाला होतो.

इतिहासाचा अध्यापक म्हणून मला यातून दोन प्रश्न दिसतात. दुखणे नेमके कोणते? आणि घातलेले औषध शेवटी जाते कुठे? मिजलीने पहिला प्रश्न चिकाटीने सोडवला. दुसऱ्याकडे पाठ फिरवली, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. आमच्या भावाने तर पहिलाही विचारला नव्हता.

संध्याकाळी गावातला मिस्त्री आला. त्याने बाटलीकडे पाहिलेसुद्धा नाही. खालची वाटी उघडली, तर तळाला पाणी आणि पिवळट राळ. जेट काढून त्याने ते द्रावात भिजवले, हवेने फुंकले. तार घातली नाही, तारेने छिद्र मोठे होते म्हणाला. ताजे पेट्रोल आणि तेल भरले. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले. हात पुसता पुसता त्याने एवढेच विचारले, "मागच्या हंगामात ठेवताना टाकी रिकामी केली होती का?"

भाऊ माझ्याकडे पाहू लागला. या वर्षी दिवाळीनंतर टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच पंप माळ्यावर ठेवायचा, असे आम्ही ठरवले आहे. तुमच्याकडे असा एखादा पंप किंवा गवत कापायचे यंत्र असेल, तर तुम्हीही तेच करा. त्याला बाटली लागत नाही.