खाट की घर?

काही प्रश्न इतके साधे असतात की ते सोडवायला कुणी पैसे खर्च करील असं वाटतच नाही. 'टीबीच्या रोग्याला ठेवावं कुठे?' हा त्यातलाच एक. औषध कुठलं द्यावं हे शोधायला औषध कंपनी पैसे घालते, कारण औषध विकता येतं. पण रोग्याला सॅनेटोरियमच्या खाटेवर ठेवावं की त्याच्या स्वतःच्या घरी, याच्या उत्तरातून कोण काय विकणार? असले प्रश्न विचारायचे तर ते लोकांच्या, म्हणजे सरकारी पैशातूनच विचारावे लागतात. १९५६ साली मद्रासमध्ये हा प्रश्न रीतसर विचारला गेला आणि त्याच्या उत्तराने जगभरची सॅनेटोरियमं ओस पडायला मोठा हातभार लावला. आपल्या देशात झालेलं इतकं महत्त्वाचं काम, पण डॉक्टर मंडळी सोडली तर फारसं कुणाला ठाऊक नसतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा उपचार म्हणजे चांगली हवा, चांगला आहार आणि सक्तीची विश्रांती. आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात क्षयाने गेल्या. स्वतः डॉक्टर झालेल्या बाईलाही वाचवता येईल असं काही तेव्हाच्या वैद्यकाच्या हातात नव्हतं. पुढे पाचगणीला डॉ. बिलिमोरियांचं बेल-एअर, मिरजेजवळ वानलेसवाडीचं सॅनेटोरियम अशी ठिकाणं उभी राहिली. आमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल, 'तो हवा बदलायला गेलाय' एवढं म्हटलं की समजणाऱ्याला समजायचं, आणि पुढचं कुणी विचारायचं नाही. ज्यांना परवडायचं ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तिथे पडून असायचे. ज्यांना परवडत नव्हतं ते घरातल्या एका कोपऱ्यात, वेगळ्या ताटवाटीसकट.

मग औषधं आली. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. त्याचा पहिला नीट अभ्यास ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केला. ही संस्थाही सरकारी पैशावर चालणारी. युद्धानंतरच्या ब्रिटनकडे डॉलर कमी, त्यामुळे औषधही कमी, सगळ्यांना पुरणं शक्यच नव्हतं. तेव्हा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने असा विचार मांडला की औषध कुणाला मिळेल हे डॉक्टरांनी आपल्या मर्जीने ठरवू नये, ते नशिबावर सोडावं. मग दोन्ही गटांची तुलना करावी. १०७ रोग्यांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष १९४८ साली छापून आला आणि तिथून वैद्यकीय संशोधनाची रीतच बदलली. गंमत म्हणजे हिल यांना स्वतःला पहिल्या महायुद्धात टीबी झाला होता. त्यांचं डॉक्टर व्हायचं राहून गेलं आणि ते संख्याशास्त्राकडे वळले ते त्या आजारपणामुळेच.

पाठोपाठ 'पास' नावाचं औषध आलं आणि १९५२ साली आयसोनायझिड. हे आयसोनायझिड फार स्वस्त. एक तर बनवायला सोपं, आणि दुसरं म्हणजे ते मुळात १९१२ सालीच प्रागमध्ये दोन संशोधकांनी तयार करून ठेवलं होतं, त्यामुळे त्या पदार्थावर कुणाला पेटंट सांगता येईना. टीबीवर ते चालतं हे कळायला मात्र चाळीस वर्षं जावी लागली!

आता १९५०च्या दशकातला भारत डोळ्यांसमोर आणा. टीबीचे रोगी लाखांनी आणि सगळ्या देशातल्या खाटा मिळून काही हजार. म्हणजे तरतुदी कितीही वाढवल्या तरी प्रत्येकाला खाट मिळणं या जन्मात शक्य नव्हतं. पण पाठ्यपुस्तकं सांगत होती की सॅनेटोरियमशिवाय उपचार म्हणजे अर्धवट उपचार. शिवाय घरी ठेवलेला रोगी घरच्यांना रोग देणार, ही भीती होतीच. यातून मार्ग काढायला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद (आयसीएमआर), मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची तीच मेडिकल रिसर्च कौन्सिल असे चौघे एकत्र आले आणि मद्रासच्या चेटपट भागात 'ट्युबरक्युलॉसिस केमोथेरपी सेंटर' सुरू झालं. डॉ. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर तिथे आले. योजना फक्त पाच वर्षांची होती.

अभ्यास ऐकायला सोपा. शहरातल्या गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतले १९३ रोगी घेतले. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एक गट वर्षभर सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. औषधं दोघांना तीच, आयसोनायझिड आणि पास. सॅनेटोरियमवाल्यांना पलंग, परिचारिका, विश्रांती आणि चांगलं जेवण. घरच्यांना त्यांची एक-दोन खोल्यांची जागा, तीच माणसांची गर्दी, तेच अपुरं जेवण, आणि बरं वाटू लागल्यावर पुन्हा कामधंदा.

वर्षाअखेरीला सॅनेटोरियममधल्या ९२ टक्के रोग्यांचा रोग आटोक्यात आला होता. आणि घरच्यांपैकी? ८६ टक्के.

सॅनेटोरियमवाल्यांचं वजन जास्त वाढलं होतं यात शंका नाही. पण रोग हटायचा तो दोन्हीकडे जवळपास सारखाच हटला. हवा, विश्रांती, पलंग या ज्या गोष्टींवर दोन पिढ्यांनी श्रद्धा ठेवली, त्यांचं काम दोन स्वस्त औषधांनी केलं होतं. हा अहवाल १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला.

आणि घरच्यांना लागण होण्याचं काय? त्यासाठी दोन्ही गटांतल्या कुटुंबांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. १९६६ साली त्याचा निष्कर्ष आला: रोगी वर्षभर घरात राहिला म्हणून घरच्यांमध्ये टीबी जास्त झाला नाही. जो धोका असतो तो बहुतेक उपचार सुरू होण्याआधीचाच. औषध सुरू झालं की रोगी फार लवकर निरुपद्रवी होतो. या शोधनिबंधाचे पहिले लेखक डॉ. एस. आर. कामत, जे पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात छातीच्या विकारांचे डॉक्टर म्हणून नावाजले. त्या एका निष्कर्षाने किती घरांतली वेगळी ताटवाटी निरर्थक ठरली! (ती प्रत्यक्षात बंद व्हायला किती वर्षं गेली, आणि सगळीकडे बंद झाली आहे का, हा प्रश्न वेगळा.)

इथपर्यंतची गोष्ट विजयाची. पण मला खरी विचार करण्यासारखी वाटते ती पुढची.

मद्रासच्या अभ्यासात 'घरी उपचार' म्हणजे रोग्याच्या हातात गोळ्यांची पुडी देऊन 'या आता' म्हणणं नव्हतं. रोगी दर आठवड्याला केंद्रावर येऊन औषध नेत. आरोग्य कर्मचारी घरी जात, अचानकही जात, गोळ्या मोजत. औषध घेतलंय की नाही हे लघवी तपासून पाहिलं जाई. घरातल्या इतरांची तपासणी होई. एवढं करूनही काही जण गोळ्या चुकवतात हे संशोधकांच्या लक्षात आलं. साहजिक आहे. दोन-तीन महिन्यांत खोकला जातो, ताप जातो, मग वर्षभर रोज गोळ्या कोण घेणार? रोग्याच्या डोळ्यांदेखत औषध देण्याची कल्पना मद्रासमध्ये पुढे आली ती यातूनच. नव्वदच्या दशकात तीच 'डॉट्स' म्हणून जगभर गेली.

बंगलोरला १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. तिथल्या डॉ. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी आणखी एक साधा प्रश्न विचारला: खेड्यातल्या टीबीच्या रोग्याला आपल्याला काही झालंय हे कळतं का, आणि कळल्यावर तो काय करतो? साहेब लोकांची समजूत अशी की खेडूत अडाणी, तो अंगावर काढतो. टुमकूर जिल्ह्यात जाऊन विचारल्यावर निराळंच निघालं. जवळपास सगळ्यांना त्रास जाणवत होता, बहुतेकांना काळजी होती, आणि निम्म्याहून अधिक जण स्वतःहून दवाखान्यात जाऊन आले होते, तेही मुख्यतः सरकारी दवाखान्यात. तिथे त्यांना मिळालं काय? खोकल्याच्या औषधाची बाटली! म्हणजे रोगी दारापर्यंत आला होता, दारातल्यांनीच त्याला ओळखलं नव्हतं. १९६३ साली छापलेला हा निबंध आजही कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लावावा असा आहे.

या सगळ्याच्या आधारावर १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. कागदावर तो अतिशय विचारपूर्वक आखलेला होता. वेगळी इस्पितळं नकोत, नेहमीच्याच दवाखान्यात खोकणाऱ्याची थुंकी तपासा, तिथेच औषध द्या, घरी राहू द्या. पण तीस वर्षांनी, १९९२ साली, त्याचा आढावा घेतला तेव्हा दिसलं की उपचार पूर्ण करणारे फार थोडे. औषधं वेळेवर पोचत नव्हती, थुंकी तपासण्यापेक्षा एक्स-रेवर भर होता, मधेच सोडून गेलेल्यांच्या मागे कुणी जात नव्हतं. त्यानंतर १९९७पासून सुधारित कार्यक्रम देशभर पसरवायला घेतला गेला आणि २००६पर्यंत तो सगळीकडे पोचला.

माझ्या मते झालं असं, की मद्रासच्या उत्तरातला स्वस्त भाग सरकारने चटकन उचलला आणि महाग भाग तिथेच राहिला. 'खाट लागत नाही' हे वाक्य अंदाजपत्रकाला फार आवडणारं आहे. 'पण दर आठवड्याला कुणीतरी त्याच्या घरी जाऊन यायला हवं' हे त्याच वाक्याचं उत्तरार्ध, आणि ते मात्र गळलं. संशोधनाने खाटेची गरज नाही असं सांगितलं होतं. माणसाची गरज नाही असं कधीच सांगितलं नव्हतं.

तीच गत जेवणाची. घरच्या रोग्यांनी कमी खाऊनही ते बरे झाले, यावरून आहाराचं फारसं महत्त्व नाही असा निष्कर्ष १९६१ साली मांडला गेला. औषध मिळणारा रोगी बरा होण्यापुरता तो त्या अभ्यासात खराही होता. पण पुढे कित्येक वर्षं टीबी कार्यक्रमात जेवणाचा विषयच मागे पडला. २०२३ साली आयसीएमआरच्याच पैशातून झारखंडमध्ये झालेल्या 'राशन्स' अभ्यासाचे निष्कर्ष आले. मद्रासचं ते जुनं केंद्र आता राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था झालं आहे आणि ते या कामात सामील होतं. यात रोग्यांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांवर लक्ष ठेवलं होतं. काही कुटुंबांना माणशी महिना ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि फुप्फुसाचा संसर्गजन्य टीबी ४८ टक्क्यांनी. ज्या रोग्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यात मृत्यूही बरेच कमी झाले.

तांदूळ आणि डाळ! ही काय संशोधन करायची गोष्ट आहे का, असं आपल्या आज्या म्हणाल्या असत्या. पण आजीच्या म्हणण्यावर सरकारी तिजोरी उघडत नाही, आकड्यावर निदान किलकिली तरी होते. २०१८पासून टीबीच्या रोग्याला आहारासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले होते, ते २०२४च्या नोव्हेंबरपासून १००० झाले.

जगातल्या टीबीच्या रोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आजही भारतात आहे. ज्या देशाने घरी राहून बरं होता येतं हे जगाला दाखवलं, त्याची ही स्थिती. यावर कुणी म्हणेल की मग त्या संशोधनाचा उपयोग काय झाला? मला तसं वाटत नाही. त्या १९३ जणांनी वर्षभर गोळ्या गिळल्या, लघवीच्या बाटल्या दिल्या, अनोळखी माणसांना घरात येऊ दिलं, म्हणून नंतरच्या लाखोंना पोराबाळांना सोडून कुठल्यातरी टेकडीवर जाऊन पडावं लागलं नाही. त्यांची नावं कुठे छापलेली नाहीत. अहवालात ते टक्केवारी होऊन राहिले आहेत, ८६ आणि ९२.