शाळेतच कॉलेजचं क्रेडिट: सुरुवात कुणापासून झाली?

अमेरिकेत १९५०च्या सुमारास एक तक्रार होती: शाळेच्या शेवटी शिकलेलंच कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुन्हा शिकावं लागतं. फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून यावर अभ्यास झाला. तो केला अँडोव्हर, एक्सेटर, लॉरेन्सव्हिल या नामांकित खासगी शाळांनी आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांनी. पुढे १९५५ मध्ये कॉलेज बोर्डाने ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ हाती घेतलं. १९५६ च्या परीक्षेला १०४ शाळांची १,२२९ मुलं बसली.

म्हणजे सुरुवातच निवडक मुलांपासून झाली. म्हणून ‘असं क्रेडिट घेतलेली मुलं कॉलेजात चमकतात’ हे वाचलंत, की आधी विचारा: ती आधीपासूनच पुढे नव्हती ना? तुलनेचा गट चुकला, तर आकडेमोड बरोबर असूनही निष्कर्ष फसतो.